टाळी

आमच्याकडे क्लॅपबोर्ड नव्हता.
भाड्यानं आणायचा तर सहा दिनार,
आणि सहा दिनारांत माइकची नवी वायर येत होती.
म्हणून प्रत्येक शॉटच्या आधी
घानिम कॅमेऱ्यासमोर उजवा पंजा धरायचा,
मी माझा डावा त्यावर मारायचो,
उजव्यात बूमचा दांडा असायचा.
त्या आवाजावरून नंतर चित्र जुळवायचं.
टाळी दे, म्हणायचो मी.
ताली दे, म्हणायचा तो.

मुहर्रकच्या गल्ल्यांत मला सगळेच सदीक म्हणतात.
सदीक, पाणी आण. सदीक, गाडी मागं घे.
शब्दाचा अर्थ मित्र.
घानिमनं पहिल्याच शुक्रवारी नाव विचारलं.
पद्माकर.
त्याच्या भाषेत प नाही. बद्माकर झालो.
आता ती चूक कुणी दुरुस्त केली
तर मला राग येतो.

रविवार ते गुरुवार डक्टिंग कंपनीची बिलं,
शुक्रवारी बू खमीसचं अंगण.
म्हातारा तारेचे गरगूर विणायचा,
माणसाहून उंच, घुमटासारखे,
समुद्राच्या तळाशी ठेवायचे.
मासा वासानं आत जातो,
बाहेरची वाट त्याला सापडत नाही.
मी म्हटलं, हे निवेदनात घेऊ,
आपल्यासारख्यांवरच आहे.
तुझ्यासारख्यांवर, घानिम म्हणाला,
मी इथलाच. ती जाळी मीच विणलीय
असं दिसेल पडद्यावर.
आणि विणलीच नाहीस का,
असं माझ्या तोंडून निघून गेलं.
दोन शुक्रवार आम्ही बोललो नाही.
टाळ्या मात्र दिल्या,
त्यांच्याशिवाय काम अडत होतं.

ऑगस्टात, गाडीच्या थंडीतून उतरलो
आणि लेन्सवर वाफ धरली.
घानिम सदऱ्याच्या टोकानं पुसतोय,
पुसली की परत धरतेय,
आणि सात आठवडे मुका बसलेला म्हातारा
नेमका तेव्हा बोलायला लागला.
थांबा म्हणालो, थांबला नाही.
हा पीळ माझा नाही, म्हणाला,
तारेवरून बोट फिरवत,
भावाचा आहे.
तो पिळायचा, मी ताण धरायचो.
मला माझा पीळ कधी जमला नाही.
तो बुडाल्यापासून चाळीस वर्षं
मी त्याचाच मारतोय.
मला सुंभ आठवला, जळूनही पीळ न सोडणारा,
पण ते अरबीत कसं सांगायचं.
दांडा हलू दिला नाही, एवढंच केलं.

चार मिनिटं अकरा सेकंद.
आवाज स्वच्छ. चित्रात नुसतं पांढरं,
मध्येच एक काळसर हालचाल, हात असेल किंवा मांजर.
घानिमच्या बहिणीच्या गॅरेजात एडिट करताना
मी म्हटलं, यावर त्याच्या बोटांचे क्लोजअप लाव,
लोकांना वाटेल प्रोजेक्टर बिघडला.
वाटू दे, तो म्हणाला,
आपल्याला तेव्हा हेच दिसत होतं ना?
माझं ऐकून त्यानं एकदा लावून पाहिले क्लोजअप.
आम्ही दोघांनी पाहिले.
मग मीच काढ म्हणालो.

दाखवलं त्या रात्री एकतीस खुर्च्या.
पांढरं सुरू झालं तसा एक माणूस उठला,
ऑपरेटरला हाक मारायला.
परत बसला की नाही, लक्षात नाही,
मी पडद्याकडे बघतच नव्हतो.
घानिम डोळे मिटून ऐकत होता.

घानिम आता दोह्यात मॉलच्या जाहिराती करतो.
तिथं क्लॅपबोर्ड आहे,
तो मारायला पगारी माणूस आहे.
आमच्या फिल्ममध्ये एकही टाळी नाही,
सगळ्या कापल्या, कापायच्याच असतात.
मी त्या एका फाइलीत जोडून ठेवल्यात,
एकशे त्रेचाळीस.
रुसव्यातल्या दोन शुक्रवारच्या
ऐकूनच ओळखू येतात, जरा जोरात आहेत.

काल त्याचा व्हॉइस नोट आला.
टेबलावर मारलेली एक थाप,
आणि मग: रोलिंग, बद्माकर?
मी ऑफिसात होतो. समोर बिलं.
डावा हात आपोआप वर गेला,
आणि पलीकडून मॅनेजर म्हणाला,
काय हवंय?