पहिल्या अंकातलं भूत

माझं काम एकूण नऊ मिनिटांचं.
ओल्या धोतरानं यायचं, मुलाला हाक मारायची,
"विहिरीत मी पडलो नाही, काकानं ढकललं"
एवढं सांगून डाव्या विंगेत जायचं.
पुढचे दोन अंक मी नाही.
बाकीचे मरतात.

विसपुते सर म्हणाले, बागूल, तू म्हणजे काडी.
पेटवायचं आणि विझायचं.
दिवसभर मी सातपूरला लेथवर उभा असतो,
संध्याकाळी तोंडाला सफेदा, त्यावर राख,
आणि एन्ट्रीआधी तांब्याभर पाणी डोक्यावर.
नाशिकचा जानेवारी. दात वाजतात,
लोकांना तेच भुताचं वाटतं.

विंगेत टॉवेल गुंडाळून चहा घेतो, ऐकतो:
राणी विष पिते. पडद्याआडचा हुजऱ्या.
ती पोरगी, जिचा कशाशी संबंध नव्हता.
मग काका. मग माझा मुलगा
(हेरंब छान मरतो, आधी गुडघे).
मी तर फक्त खरं सांगितलं होतं.
कुठल्याच तालमीत मला कुणी परत बोलावलं नाही
विचारायला, की बस का आता?

सर, भुताला नेमकं काय हवं असतं?
सूड. लिहिलंय की.

मी बारा वर्षांचा होतो. रामकुंडावर
आण्णांचा दहावा. कावळा शिवेना.
समोरच्या पत्र्यावर वीस-पंचवीस बसलेले,
एक उतरेल तर शपथ.
मामा पिंडाशी वाकला, "सोडणार नाही त्याला."
कुणी हललं नाही.
आत्या म्हणाली, पोराला शिकवू. घराचे हप्ते भरू.
नाही.
गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला,
तेव्हा आई पुढे आली, हळूच म्हणाली,
"याला त्यांच्या दारात जाऊ देणार नाही. कधीच."
पाण्यावरून एक आला,
मान वाकडी करून बघितलं माझ्याकडे,
आणि भात घेतला.

हे मी सरांना सांगितलं नाही.

काल प्रयोगात हाक मारली, हेरंब वळला,
आणि वाक्य घशाशी अडलं.
प्रॉम्प्टर दोनदा कुजबुजला.
धोतरातून पाणी गळत होतं फळ्यांवर, टप, टप.
तिसऱ्यांदा म्हटलं मी ते. म्हणावंच लागतं,
परीक्षक बसलेले असतात.

शेवटच्या अंकात काका माझ्याच ओल्या पावलावर घसरला,
तलवारीसकट. लोक हसले.
पडदा पडल्यावर मेलेले उठले, कपडे झटकले,
वडापावकडे गेले.
मी फडकं शोधत राहिलो.