एकच माप

सुलक्षणा हलगेकर मापाला उभी राहिली, म्हणाली,
दोन्ही पायांचं मिळून एकच घे.
वडगावात वीस वर्षं पिको-फॉल करते मी,
असल्या मापाला वहीत रकाना नाही.

कंबर एकतीस. गुडघे, जुळवून, बावीस.
खाली पंखाला रबर,
उद्यमबागेतून भावानं कापून आणलेलं.
हौस म्हणे. बँकेत कॅशियर, पोरगी बारावीला,
आणि हिला मासोळी व्हायचंय!

मंगळवारी, बायकांच्या वेळेला, गेले तलावावर.
बांधल्या पायांनी ती फरशीवरून
बसून बसून सरकत काठाला आली.
हसूच आलं मला.
मग पाण्यात गेली.

मी शिवणच बघत होते, डाव्या कुशीची,
जिथं दोरा दोनदा तुटलेला.
उसवली नाही.
पाणी तिनं कापलं नाही, नुसतं वाकवलं.
झाडणारी इरव्वा खराटा टाकून ओरडली,
"मीनु! मीनु नोड्री!"

वर येऊन म्हणाली,
गुडघ्याला अर्धा इंच ढिल दे की गे.

रात्री चादरीखाली पाय जुळवून बघितले.
मशीनवर नेहमी एक पुढं, एक मागं.
टाचेला टाच लागली.
गार होती.