शून्याजवळ

मी दोनदा तपासून दिलेला अ‍ॅम्प्लिफायर
चन्नम्मा बिरादार तिसऱ्यांदा घेऊन आल्या,
रिक्षातून, मांडीवर, टॉवेलात गुंडाळून.
"मोठ्यानं लावलं की लई चांगलंय.
हळू केलं की आवाजात कुसळ येतंय."

मी पुन्हा फुल्ल करून दाखवला.
समोरच्या बेकरीतली पोरं नाचली.
बाई तशाच उभ्या. उदगीरच्या टेलिफोन एक्स्चेंजात
एकतीस वर्षं कानाला हेडफोन;
गावाची कुजबुज त्यांच्या बोटांतून गेलेली.

महेबूब उस्ताद आत चहा फुंकत होते.
"चिल्लाके टेस्ट करते सब. धीरे सुनके देख."

कॅसेट बाईंचीच. जुना बोर्ड बंद झाला त्या रात्री
कुणी कौसल्या, एकेक दोरी उपसत,
झोपेतल्यासारखी म्हणत गेलेली:
निलंगा. देवणी. औराद. अहमदपूर.
आवाज उतरवला.
देवणीतला व उंदरानं कुरतडलेला.

स्कोपवर हिरवी रेघ
चढते, उतरते, आणि शून्य ओलांडताना
पायरी चुकल्यासारखी सपाट होते.
दोन ट्रान्झिस्टर. वरची लाट एकाची, खालची दुसऱ्याची.
एकानं सोडलेलं, दुसऱ्यानं अजून धरलेलं नाही.
बिदर रोडला शिवेवर उलटलेला ट्रक असतो तसं:
हे ठाणं म्हणतं तिकडचा,
ते म्हणतं इकडचा.
मोठा आवाज ही पट्टी उडी मारून जातो.
हळू आवाजाचं घरच तिथं.

आधीच्या कुणी मेकॅनिकनं
जळालेल्या दोन डायोडांच्या जागी
सरळ तार डागली होती. वाजतंय ना, मग झालं.
ती तार मीही दोनदा पाहिली होती.

नवे डायोड हीटसिंकला चिकटवले,
त्यांना त्या दोघांचा ताप कळायला हवा.
प्रीसेटवर स्क्रू-ड्रायव्हर. पाच मिलीअँपिअर. बारा. अठरा.
"बस," उस्ताद. "ज्यादा जगाया तो दोनों जल जाते."

"म्हणजे बंद नसतंच ते?" बाई.
"गप्प असतं. पण जागं."
"बिल वाढतंय?"
"थोडं."

कॅसेट पुन्हा. निलंगा. देवणी, अख्खी.
औराद. अहमदपूर. मग दोरी टेबलावर ठेवल्याचा टक,
आणि फितीच्या सळसळीखाली, अगदी तळाशी:
चन्ने, जा गं तू. कुलूप मी लावते.

बाईंनी टॉवेलाची घडी केली, मोडली.
"हे कव्हा म्हणली?"

कुणीच काही बोललं नाही. फीत नुसती फिरत होती.
मी हीटसिंकला बोट लावून पाहिलं.
कोमट.