रुग्ण क्रमांक चौदा

आडगावच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं पूर्वी फॉर्मलिनच्या बरण्या होत्या
तिथं आता बारा पडदे, बारा हेडफोन
आणि कितीही वेळा मरू शकणारे वीस रुग्ण.

त्यांची दुखणी मी लिहिते.
वय, धंदा, नाडी, रक्तदाब,
काय आल्या आल्या सांगायचं,
काय विचारल्याशिवाय सांगायचं नाही.
दुखणं माझं, बोलणं यंत्राचं,
अशी वाटणी आहे.

क्रमांक चौदा : वामन खैरनार, एकोणसाठ.
नोटांच्या छापखान्यात, निवृत्तीला सात महिने.
तक्रार : डावीकडची दाढ दुखते.

नाव खोटं आहे.
दाढ खरी आहे.

पोरं येतात, हेडफोन चढवतात, विचारतात :
गार पाण्यानं ठणकते का? हिरडी सुजली? तंबाखू?
चौदा नंबर निमूट उत्तरं देतो,
अंगठा ओला करून बंडल मोजल्यासारखी,
एकेक, न चुकता.
तन्वीर गोळी लिहितो.
ऋग्वेद आहेर म्हणतो, डेंटलला पाठवा.
पडदा लाल होतो.
रुग्ण दगावला. पुन्हा सुरू करायचं?
आणि पोरं हसतात, त्या वयात हसतातच.
हसले होते मीही, हॉस्टेलच्या फोनवर :
लवंग धरा दाढेखाली, बाबा, रविवारी येतेच आहे.

रविवारी आलेच मी.
ओट्यावर लवंगांची पुडी होती,
नुकती फोडलेली.

यमुना गावित सुरगाण्याची.
तिच्या बोलीला यंत्र दोनदा अडखळलं,
कृपया पुन्हा सांगा, म्हणालं.
ती चिडली नाही. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असेल
अशा समजुतीनं
खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.

काका, दिस कसा जातो तुमचा?

हा प्रश्न कुठल्याच यादीत नाही.

पहाटे उठतो. ड्यूटी. रविवारी पांडवलेणीला जातो.
पायऱ्या चढता?
चढतो की.
मग दाढ? तेव्हा?

एसी घरघरत होता.
खाली हायवेवर कंटेनर गिअर बदलत होता.

तेव्हाच दुखते. शंभराव्या पायरीला, साधारण.
बसलो की थांबते.
कुणी विचारलं नाही, म्हणून बोललो नाही.

हा नियम मीच घातला होता त्याला.
नियम कसला,
स्वभाव होता तो,
मी फक्त टाइप केला.

यमुनानं ईसीजी मागवला, पडदा हिरवा झाला.
निदान योग्य. सहा मिनिटं चाळीस सेकंद.
इथवर ठीक. पण ती उठेना.
म्हणाली, काका, घरी कुणाला कळवू?

मुलगी आहे.
तिची परीक्षा झाली की सांगा.

ही ओळ माझी नाही.
त्या रात्री सगळ्या फाइली उलट्यापालट्या केल्या,
मुलगी कुठंच नव्हती, परीक्षा तर नव्हतीच.
कंपनीचा पोरगा फोनवर म्हणाला,
मॅडम, मॉडेल कधीकधी पदरचं घालतं,
दोन मिनिटांचं काम आहे, काढून टाकू?

मी म्हटलं, बघू.

दोन टर्म झाल्या. अजून बघतेच आहे.
यमुनाची इंटर्नशिप कळवणला चालू आहे,
मागच्या महिन्यात मेसेज होता :
मॅडम, इथं लोक दुखणं सांगतच नाहीत,
आधी पीकपाणी विचारावं लागतं.

आणि दर बुधवारी, अकरा वाजता,
नवी बॅच, नवे ॲप्रन, घड्या न मोडलेले.
मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहते.
चौदा नंबर डोळे उघडतो :

नमस्कार, डॉक्टर.
विशेष काही नाही हो,
दाढ दुखते जराशी.