वीस हजार, असं पुस्तकात

पुस्तकात लिहिलंय वीस हजार.
पुस्तक छापलं असेल ओल्या रस्त्यांच्या एखाद्या देशात,
जिथे धूळ म्हणजे कपाटावर बसते ती.
इथे कामान्याब सोडलं की डांबर संपतं.
समोरची गाडी दिसत नाही, तिचा धुरळा दिसतो,
आणि ती गेली तरी तो कुठेच जात नाही,
श्वासात घेतो आम्ही सगळे:
मी, मागचे बोकड, बोनेटखालचं इंजिन.

लिस्बेत गारोएस म्हणते, आकडा विसर.
खोरिक्सासला तिचं गॅरेज, म्हणजे एक मोपानेचं झाड
आणि फांदीला टांगलेली साखळी.
हवेचा फिल्टर काढ, उन्हासमोर धर.
घड्यांतून उजेड आला तर परत बसव,
नाही आला तर बदल.
आपटू नकोस. हवा मारून साफ करू नकोस.
कागद फाटतो, फाटलेला दिसत नाही,
मग वाळू आत शिरते आणि आतून खाते,
माझ्या नवऱ्याला दारूनं खाल्लं तशी.
एवढं बोलून ती पान्यानं पाठ खाजवते.

ऑइलच्या फिल्टरला हातानंच आवळायचं.
रबराच्या कडीला बोटभर ताजं तेल,
टेकला की पाऊण फेरा, बस्स.
पाना लावलास तर पुढच्या वेळी तूच काढशील,
दातांनी.
मग डब्यावर पांढऱ्या रंगानं ती लिहिते
किलोमीटर, आणि तेव्हा गाडीत काय होतं ते:
१,८४,३०० पाण्याच्या टाक्या.
१,९१,०५० शाळेची बाकं.

डिझेलचा फिल्टर मात्र मी राहू दिला.
पंधरा हजारच तर झाले होते.
ओपुवोला पिंपातलं डिझेल घेतलं होतं, स्वस्त पडलं म्हणून.
चढाला गाडी ओढत नव्हती,
सकाळी दोन-तीनदा किल्ली मारावी लागत होती.
मी म्हटलं, वय झालं.
चालतंय तोवर चालू दे.

ग्रूटबर्गचा घाट. उन्हं कललेली.
मागे पलंग, दोन गाद्या, सहा बोकड,
शेजारी नवरी, माझी मामेबहीण वेकोंद्जा,
गाईच्या शिंगांसारखा तिचा नवा फेटा
दोन्ही बाजूंनी केबिन अडवून बसलेला.
दुसरा गिअर. पहिला.
मग धाप.
मग बोकडांचा आवाज तेवढा ऐकू आला.

फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, खाली बाटली धरली:
तीन बोटं पाणी, त्यावर चहासारखं काळं काहीतरी.
हाताचा पंप दाबत राहिलो, घट्ट होईपर्यंत.
गाडी दोन किलोमीटर चालली आणि मेली.
पुन्हा पाणी, पुन्हा पंप.
चौथ्या वेळी नवरीनं फेटा उतरवून
सीटवर ठेवला, बाळ झोपवावं तसा,
आणि म्हणाली, सरक.
ती पंप दाबत होती, टॉर्च माझ्या तोंडात.
दरीत कुठेतरी झेब्रे खिंकाळत होते.
तिनं विचारलं,
तू नेमक्या कुठल्या आकड्याची वाट बघत होतास?
तोंडात टॉर्च होता, ते बरं झालं.

सेसफोंतेनला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर.
नवऱ्याकडची माणसं जेवून झोपली होती.

लिस्बेतनं जुना फिल्टर कापून उघडला.
आत डांबर. एकेक घडी डांबराची.
ती काहीच बोलली नाही,
याहून वाईट मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.
नव्या डब्यावर लिहिलं:
२,०६,४१० नवरी. उशिरा.

आता धुळीच्या दिवसांत पाच हजारांना हवेचा बघतो,
डिझेलचा दहाला, आणि पिंपातलं भरलं
तर त्याच आठवड्यात तळाचं पाणी काढतो.
वेकोंद्जाला दोन मुलं झाली.
फोन आला की आधी विचारते,
पाणी काढलंस?
मग, बरा आहेस ना.