कोपर

खिचडीच्या चुलीपासून चौथीचा वर्ग दिसतो.
सात वर्षं दिसतोय.
तांदूळ निवडता निवडता मी मोजायची –
तेराच्या पाढ्याला किती छड्या,
जोडाक्षराला किती.
लेकरं हात मांडीखाली दाबून बसायची,
वाढताना ताट डाव्या हातानं धरायची.

चैत्रात ऊसतोडीची पोरं परतली कारखान्यावरून,
नडगीवर पाचटाचे ओरखडे,
हजेरीत पाच महिने नुसती रेघ.
भागाकार येईना.
मिसाळ सरांनी नितेशचा कोंबडा केला,
पाठीवर पाटी ठेवली
आणि वर्गाला म्हणाले, हसा.
वर्ग हसला.
माझा पोरगाही हसला.
मी त्या दिवशी मीठ दोनदा टाकलं.

समाजमंदिरात विषय काढला
तर सरपंचाचे भाऊ म्हणले,
आम्ही नाही का खाल्ला मार? काय बिघडलं?
मग ज्याला त्याला आपापला मार आठवला,
कुणाला निरगुडीचा, कुणाला बापाच्या पट्ट्याचा,
जत्रेतली कुस्ती सांगावी तसा.
लई हसले.

कोपऱ्यातून कचरू आजा उठला.
"माझ्या आधीची तीन गेली आईची.
मी तरी जगावं म्हणून कचरू नाव ठेवलं.
मास्तर रोज हजेरीला म्हणायचा,
कचऱ्याची जागा दाराबाहेर.
दुसरीतूनच ढोरांमागं गेलो.
अंगावर वळ एकबी न्हाई. बघा."
असं म्हणून त्यानं बाही वर केली
आणि खाली करायची विसरला.

कुणाची तंबाखू तळहातावरच राहिली.
मिसाळ सर बराच वेळ चपलेचा अंगठा बघत होते.
मग म्हणले, दोन वर्ग, एकेचाळीस पोरं, मी एकटा.
करू काय, तुम्हीच सांगा.
तेही खोटं नव्हतं.

आता रोज एक बाई मागं बसते, शेंगा फोडत.
ढाकण्यांची बारावी झालेली सून दुपारी येते,
तुरीचे दाणे मांडून भागाकार शिकवते,
उरलेली बाकी पोरं खिशात घालतात.
सरांचा आवाज अजून चढतो कधी कधी,
मग शेंगा फोडायचा थांबतो,
तेवढ्यानं त्यांना कळतं.
छडी कुठं गेली, कुणी विचारलं नाही.
फळ्याशेजारी चुना उडालेली
तिच्याएवढी लांब रेघ आहे फक्त.

हे सगळं मी पुढं होऊन केलं, असं गाव म्हणतं.

काल पोरानं नवी चप्पल हरवली.
माझा हात वर गेला.
त्याच्या आधी त्याचं कोपर तोंडापुढं आलं होतं,
इतकं सवयीनं,
की मलाच कळलं, किती वेळा.
वर गेलेला हात मी तसाच फळीवर नेला,
डबा काढला,
उघडला.
डब्यात काही नव्हतं.
ते त्यालाही दिसलं.
त्यानं कोपर खाली घेतलं,
जरासं.