कोंबड्यावरून

दिघोळे सर कॅसेट घेऊन आले तेव्हा
रविवार कारंज्याचं ऊन पत्र्याला चिकटलेलं
आणि माझ्या टेबलावर एका रेडिओचं पोट उघडं.
सर सहा वर्षं पापुआत गणित शिकवून आले,
त्यालाही आता चाळीस झाली.
"दोन गावं," म्हणाले, "मधे नदी. भाषा एकच.
बोलणारे सगळे सिन्नरच्या एका गल्लीत मावतील."

पट्टा सैल होता. नवा घातला, स्क्रू फिरवला.
बायका बोलू लागल्या, जड, झोपेतल्यासारख्या.
पुन्हा फिरवला, चिमण्या झाल्या.
"हे बरोबर?"
सर कान लावून बसले. "विसरलो रे."

जी भाषा येत नाही
तिचा वेग कुठून आणायचा?

मोजणी मात्र विसरले नव्हते.
करंगळीवरून निघाले, मनगट, कोपर, खांदा, कान,
"खालच्या गावी नाकाशी संपतं. बारा.
वरचे पलीकडच्या हातावर उतरतात, तेवीस.
पोरं वर्गात भांडायची, माणूस नक्की केवढा म्हणून.
मी फळ्यावर दोन्ही ठेवायचो."
दारातलं गिऱ्हाईक बघत राहिलं,
म्हातारा स्वतःलाच चाचपतोय.

तेवढ्यात टेपमध्ये, बायकांच्या मागे, लांब कुठंतरी
कोंबडा आरवला.

कोंबडा मला येतो.
सुरगाण्याला सोळा वर्षं त्यानंच उठवलं.
स्क्रू केसभर मागे, केसभर पुढे,
आरवणं त्याच्या गळ्यात नीट बसेपर्यंत.

आणि बायका माणसांत आल्या.
एकीनं एक शब्द म्हटला.
दुसरीनं तोच, पण शेपूट तोडून.
पहिली अशी हसली
की माझा हात स्क्रूवरच राहिला.

नारेपल्याडची मावशी यायची तेव्हा आई अशी हसायची.
मावशी 'पोसा' लांबवायची, आई तोडायची,
चिडवाचिडवी भाकरी करपेपर्यंत.
इथं होस्टेलात मी तोच शब्द बोललो
तेव्हाही हसली पोरं.
ते हसणं लांबून आलेलं.
असं हसायला
समोरच्याच काठावर राहावं लागतं.

"यातली वरच्या गावची कुठली?"
सर बराच वेळ नाकावर बोट ठेवून बसले.

ऐंशी रुपये झाले, फक्त पट्ट्याचे.
कॅसेटवर चिकटपट्टी लावली.
भाषेचं नाव सरांनी लिहिलं,
खाली मी:
वेग, कोंबड्यावरून.